मोटारीच्या शीतन-यंत्रणेतील हवा : ती का कोंडते व कशी काढावी

विहिरीवरील पंप चालू करण्यापूर्वी त्यात पाणी भरावे लागते, ही गोष्ट शेतकऱ्यास कोणी नव्याने शिकवावी लागत नाही. फूटव्हॉल्व्ह गळका झाला, नळातील पाणी रात्रीतून उतरले आणि पंपाने हवा धरली, म्हणजे पंप कितीही वेळ फिरला तरी पाटात थेंब पडत नाही. चढउताराच्या जमिनीतून नेलेल्या पाइपलाइनीच्या उंचवट्यावर हवा साठते व पाण्याचा ओघ मंदावतो. म्हणून तेथे एअर व्हॉल्व्ह बसवितात, हेही आता बहुतेकांच्या अनुभवाचे झाले आहे. हाच नियम दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या इंजिनासही लागू आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

असे समजा, की ऐन वैशाखात एका पिकअप गाडीची रबरी नळी फाटली व कूलंट गळून गेले. मिस्त्रीने नळी बदलली, प्लॅस्टिकच्या टाकीत खुणेपर्यंत नवे कूलंट ओतले आणि गाडी मालकाच्या स्वाधीन केली. दुसऱ्या दिवशी आंब्याच्या पेट्या भरून गाडी रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघाली आणि आंबा घाटाच्या अर्ध्या चढावर इंजिन उकळले. नळी नवी, कूलंट नवे, टाकी भरलेली. मग दोष कोणाचा? दोष इंजिनाच्या पोटात राहून गेलेल्या हवेचा होता. पंपाने हवा धरली तर पाण्याची एक पाळी चुकते. इंजिनाने हवा धरली तर सिलिंडरचे हेड वाकते, गॅस्केट जळते, माल वाटेत नासतो आणि दुरुस्तीचा खर्च हंगामाच्या कमाईवर येऊन पडतो. म्हणून ही हवा कोठे कोंडते व ती कशी काढावी, याची माहिती प्रत्येक वाहनधारकास असणे अगत्याचे आहे.

यंत्रणेचे कार्य

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश उष्णता शीतन-यंत्रणेस बाहेर वाहून न्यावी लागते. हे कार्य पुढीलप्रमाणे चालते. वॉटर पंप कूलंटला सिलिंडरांभोवतीच्या व हेडमधील पोकळ मार्गांतून फिरवितो. तापलेले कूलंट वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये जाते, तेथे वाऱ्याने व पंख्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे येते. या मार्गावर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यातील मेण तापून फुगले म्हणजे ती उघडते. बहुतेक गाड्यांत हे सुमारे ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानास घडते. तोपर्यंत कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरत राहते. याखेरीज एक लहान शाखा डॅशबोर्डच्या मागे असलेल्या हीटरच्या छोट्या रेडिएटरकडे जाते.

ही सर्व यंत्रणा बंदिस्त असून दाबाखाली काम करते. ठिबक संचाच्या दाबमापकावर आपण जो १ किलोच्या आसपासचा दाब पाहतो, तितका किंवा त्याहून काहीसा अधिक दाब टाकीचे झाकण यंत्रणेत धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली साधे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असल्याने ही मर्यादा आणखी वर जाते. झाकण हा यंत्रणेचा केवळ बूच नसून तो तिचा एक आवश्यक भाग आहे, हे यावरून ध्यानात येईल.

हवेने अपाय का होतो?

तितक्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेने पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेऊ शकते, आणि त्याची उष्णता वाहून नेण्याची शक्तीही हवेच्या वीसपटींहून अधिक आहे. साहजिकच धातूच्या ज्या भागाशी कूलंटऐवजी हवेचा बुडबुडा येऊन राहतो, तो भाग जणू उघडा पडतो. हवा हलकी असल्याने ती वर चढते, आणि इंजिनातील वरचा भाग म्हणजे सिलिंडरचे हेड. ज्वलनाचा सर्वांत प्रखर दाह सोसणाऱ्या भागाशीच ती अशा रीतीने जाऊन बसते. आजच्या बहुसंख्य मोटारींचे हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे एका जागी अतिशय तापलेले हेड लवकर वाकते.

दुसरा अपाय पंपास होतो. बुडबुडा पंपात शिरला म्हणजे विहिरीवरील पंपाप्रमाणेच त्याचीही पकड सुटते व प्रवाह खंडित होतो. तिसरा अपाय सर्वांत फसवा आहे. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच बरोबर माप देतो. त्याच्याभोवती हवा असेल तर आतील धातू करपत असतानाही काटा मध्यावर शांत राहू शकतो. कित्येक लहान गाड्यांत तर काटाच नसतो. केवळ दिवा असतो. म्हणून कूलंट भरल्यानंतर केवळ काट्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

ट्रॅक्टरचा अनुभव मोटारीस का लागू पडत नाही?

जुन्या गाड्यांची रचना निराळी होती. १९०८ साली निघालेल्या व १९२७ पर्यंत बनत राहिलेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीचे उदाहरण घ्यावे. तिच्या बहुतेक नगांत पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. रेडिएटर पुढे उभा व उंच, आणि त्याचे झाकण यंत्रणेच्या सर्वांत वरच्या ठिकाणी असे. वरून पाणी ओतले की हवा त्याच तोंडाने निघून जाई. आजही पुष्कळशा ट्रॅक्टरांत रेडिएटर उंच असून त्याचे तोंड वरच आहे. त्यामुळे पाणी ओतले, इंजिन थोडा वेळ चालविले, उतरलेली पातळी पुन्हा भरली, एवढ्याने तेथे काम भागते.

आधुनिक मोटारीचे नाक मात्र वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून बुटके केलेले असते. रेडिएटर इंजिनाच्या मानाने खाली जातो, आणि रबरी नळ्या, थर्मोस्टॅटचे घर व हीटरची शाखा त्याहून वर राहतात. उंचवट्यावरून गेलेल्या पाइपलाइनीसारखीच ही स्थिती होय. याकरिता कारखानदार अशा उंच जागी हवा काढण्याचा लहान स्क्रू बसवितात, किंवा वरच्या भागातून टाकीकडे एक बारीक नळी नेऊन हवेस कायमची वाट करून देतात. ही बारीक नळी गाळाने बुजली तर हवा कोंडू लागते. म्हणून तीही तपासावी. ट्रॅक्टरच्या सवयीने मोटारीत नुसते कूलंट ओतून झाकण लावणे, हीच या बाबतीत वारंवार होणारी चूक आहे.

येथे आणखी एक घोटाळा टाळावा. डिझेल संपल्यावर इंधनाच्या नळ्यांतील हवा काढण्याची रीत पुष्कळांना ठाऊक असते. ती हवा निराळी व ही हवा निराळी. ती राहिल्यास इंजिन चालू होत नाही. ही राहिल्यास इंजिन चालू होते, आणि म्हणूनच अधिक घातक ठरते.

हवा शिरते केव्हा व ओळखावी कशी?

नळी, रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट किंवा हीटर यांपैकी काहीही बदलले, अथवा कूलंट काढून नवे भरले, की यंत्रणेत हवा शिरलीच असे समजावे. बारीक गळती, सैल पडलेला क्लिप किंवा दाब न धरणारे झाकण यांमुळेही ती हळूहळू आत येते. इंजिन निवताना आतील कूलंट आकुंचन पावते व त्या ओढीने गळक्या जागेतून हवा आत खेचली जाते.

तिची लक्षणे पुढीलप्रमाणे होत. डॅशबोर्डच्या मागून खळखळ असा आवाज येतो. तापमानाचा काटा एकदम चढतो व एकदम उतरतो. इंजिन पुरते तापलेले असूनही हीटरमधून गार वारा येतो. आपल्याकडे हीटर क्वचितच लावतात, तथापि परीक्षेसाठी तो अवश्य लावून पाहावा. वरची नळी चटका बसेल इतकी तापते आणि रेडिएटर मात्र गार राहतो. पहिल्या फेरीनंतर टाकीतील पातळी बरीच खाली गेलेली आढळते. अशा वेळी काही ठिकाणी थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धत आहे. ती योग्य नाही. त्याने हवा निघत नाही, आणि काही इंजिनांत कूलंटचा प्रवाहच चुकीच्या वाटेने जाऊ लागतो.

पूर्वतयारी

सर्वप्रथम गाडीचे माहितीपुस्तक पाहावे. हवा काढण्याचा स्क्रू आहे काय, असल्यास कोठे, यंत्रणेत एकूण किती लिटर कूलंट मावते व ते कोणत्या प्रकारचे आहे, हे त्यावरून समजते. कूलंटच्या रंगावर भिस्त ठेवू नये; एकाच रंगाची दोन कूलंटे गुणाने भिन्न असू शकतात. तयार मिश्रण असल्यास त्यात पाणी घालू नये. घट्ट कूलंट असल्यास त्यात पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे, बॅटरीचे शुद्ध पाणी मिसळावे. विहिरीचे वा बोअरचे क्षारयुक्त पाणी घालू नये. ठिबकच्या तोट्यांवर ते जसा पांढरा थर धरते, तसाच थर ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरते.

एक साधा हिशेब सुरुवातीपासून ठेवावा. जुने कूलंट काढताना ते बादलीत धरून लिटरच्या मापाने मोजावे आणि नवे भरताना तेही मोजून भरावे. पाच लिटर निघाले आणि चारच लिटरांत टाकी भरली, तर राहिलेल्या एका लिटराच्या जागी हवा आहे. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या घरास हा हिशेब अवघड नाही, आणि याहून खात्रीचे दुसरे साधे माप नाही. कूलंट आधीच गळून गेले असेल तर पुस्तकातील एकूण मापाशी ताळा घ्यावा. मात्र जुने कूलंट काढताना इंजिनात थोडे शिल्लक राहते, हे त्या वेळी ध्यानात ठेवावे.

काम उघड्या जागी करावे. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो व तो प्राणघातक आहे. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर, सैल बाह्या इंजिनाच्या पट्ट्यापासून दूर राहतील अशी काळजी घ्यावी. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू लागतो, याचे भान असावे.

हवा काढण्याची रीत

पट्ट्यावर चालणारा वॉटर पंप ज्या गाड्यांत आहे, त्यांच्यासाठी सामान्य रीत येणेप्रमाणे आहे. माहितीपुस्तकात निराळे सांगितले असल्यास तेच प्रमाण मानावे.

(१) इंजिन पूर्ण निवलेले असावे. गाडी सपाट जागी, किंवा टाकीचे तोंड उंच राहील अशा बेताने नाक चढाकडे करून उभी करावी. हातब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत.

(२) झाकण जाड फडक्याने धरून सावकाश उघडावे. हीटरची कळ सर्वाधिक उष्णतेवर व त्याचा पंखा सर्वांत मंद ठेवावा, म्हणजे ज्या गाड्यांत हीटरच्या शाखेवर झडप असते, तेथे तीही उघडी राहते.

(३) हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा व टाकीत कूलंट बारीक धारेने ओतावे. घाईने ओतल्यास हवेस निघण्यास वाट मिळत नाही. स्क्रूतून प्रथम हवा, मग फेस व शेवटी अखंड धार येऊ लागली की स्क्रू बंद करावा. तो पुष्कळदा प्लॅस्टिकचा असतो; बेताने आवळावा. स्क्रू एकाहून अधिक असल्यास सर्वांत खालच्यापासून आरंभ करावा.

(४) वरची व खालची रबरी नळी हाताने पुनःपुन्हा दाबून सोडावी. टाकीत बुडबुडे येतील व पातळी उतरेल. ती भरून काढावी. टाकीच्या तोंडावर घट्ट बसणारे उंच नरसाळे मिळाल्यास ते बसवून त्यात कूलंट ठेवावे; त्यायोगे तेच यंत्रणेतील सर्वांत उंच ठिकाण होते व हवा तिकडे धाव घेते.

(५) इंजिन चालू करून मंदगतीने चालू द्यावे. अधूनमधून वेग किंचित वाढवून पुन्हा उतरवावा. या वेळी टाकीवर वाकून पाहू नये. काही वेळाने वरची नळी एकाएकी तापते. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण होय. पातळी एकदम उतरली तर थोडे थोडे कूलंट घालावे. या क्षणानंतर झाकण उघडे ठेवावे की लावावे, हे पुस्तकाप्रमाणे ठरवावे. स्क्रू मात्र आता उघडू नये.

(६) रेडिएटरचा पंखा दोन वेळा चालू होऊन बंद पडेपर्यंत वाट पाहावी. बुडबुडे थांबले, हीटरमधून गरम वारा येऊ लागला, म्हणजे बहुतांश हवा निघाली असे समजावे. झाकण नीट बसवून इंजिन बंद करावे.

(७) इंजिन पूर्ण निवू द्यावे. यास काही तास लागतात. त्यानंतर पातळी दोन खुणांच्या दरम्यान आणावी व भरलेल्या लिटरांचा हिशेब जुळवून पाहावा. प्रथम गावातल्या गावात लहान फेरी करावी व दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी. ही तपासणी झाल्याशिवाय भरलेली गाडी घाटात नेऊ नये.

थर्मोस्टॅट नवा बसविला असल्यास त्याच्या चकतीवरील हलत्या पिनेचे बारीक छिद्र पाहून घ्यावे. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तेथे हे छिद्र सामान्यतः वरच्या अंगास असावे लागते. झडप बंद असताना हवा त्यातूनच पुढे सरकते.

काही गाड्यांची निराळी रीत

काही आधुनिक गाड्यांत वॉटर पंप विजेवर चालतो. तेथे इंजिन बंद ठेवून, ठरावीक क्रमाने कळा दाबून अथवा तपासणी-यंत्र जोडून पंप काही मिनिटे फिरविला जातो. अंदाजाने हे करू नये. कार्यशाळांतून निर्वात भरणीची रीतही वापरली जाते. तीत दाबलेल्या हवेच्या साहाय्याने यंत्रणेतील हवा आधी खेचून घेतात, थोडा वेळ थांबून गळती नाही याची खात्री करतात, आणि मग त्याच ओढीने कूलंट आत घेतात. हवा राहण्याचा संभव तीत फार कमी. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही बॅटरी निववणारी अशीच यंत्रणा सामान्यतः असते. परंतु तेथील विद्युत दाब फार मोठा असल्याने ते काम प्रशिक्षित कारागिरावरच सोपवावे.

हवा पुनःपुन्हा येत असेल तर

विधिपूर्वक हवा काढूनही दोन-चार दिवसांत ती परत आढळली, तर हवा काढत बसणे हा उपाय नव्हे. गळती कोठेच दिसत नसेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. जळलेल्या गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो. थंड इंजिन चालू करताच नळ्या थोड्याच वेळात दगडासारख्या टणक होणे, टाकीतील बुडबुडे न थांबणे, गाडी तापल्यावरही मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, इंजिन ऑइल दुधाळ होणे, ही त्याची चिन्हे होत. टाकीच्या तोंडाशी रंग बदलणारा द्रव धरून हा वायू ओळखण्याची सोपी परीक्षा मिस्त्रीकडून करवून घेता येते. या अवस्थेत गाडी चालविणे म्हणजे गॅस्केटच्या खर्चावर हेडचा व कदाचित संपूर्ण इंजिनाचा खर्च ओढवून घेणे होय.

वाटेत इंजिन तापल्यास

काटा वर चढू लागताच वातानुकूलन बंद करावे, हीटर पूर्ण उघडून त्याचा पंखा जोरात लावावा व गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करावे. झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दाब सुटताच आतील कूलंट क्षणार्धात वाफ होऊन उसळते व तोंड, हात, छाती गंभीररीत्या भाजतात. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, धातू तडकतो. नळ्या हातास गार लागेपर्यंत थांबावे, मग हे सर्व न जाणणाऱ्या सोबत्यांना दूर ठेवून झाकण सावकाश सोडावे. जवळ कूलंट नसेल तर घरी पोचण्यापुरते स्वच्छ पाणी घालण्यास हरकत नाही. परंतु त्या पाण्याबरोबर हवाही आत गेली आहे, हे विसरू नये व घरी येताच योग्य भरणी करावी.

कूलंट विषारी आहे

इथिलीन ग्लायकॉल चवीस गोडसर व अत्यंत विषारी असते. बादलीत उघडे राहिलेले किंवा जमिनीवर सांडलेले कूलंट कुत्री, जनावरे, कोंबड्या व लहान मुले यांच्या प्राणावर बेतू शकते. ते विहिरीजवळ, पाटात अथवा उकिरड्यावर ओतू नये. शीतपेयाच्या बाटलीत तर कदापि भरू नये. जुने कूलंट झाकणाच्या डब्यात साठवून कार्यशाळेकडे द्यावे. सांडलेल्यावर माती टाकून ती गोळा करावी व जागा भरपूर पाण्याने धुवावी. पोटात गेल्याची शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता मनुष्यास डॉक्टरकडे व जनावरास पशुवैद्यकाकडे न्यावे.

या कामास भारी अवजारे लागत नाहीत. लिटरचे माप, नरसाळे, जाड फडके व अर्ध्या दिवसाचा धीर एवढे पुरे. पाइपलाइनीचा उंचवटा पाहून एअर व्हॉल्व्हची जागा अचूक सांगणाऱ्या शेतकऱ्याने तीच नजर बॉनेटखाली वळवावी. टाकी भरली म्हणजे यंत्रणा भरली असे नव्हे. मोजून काढलेले व मोजून घातलेले जुळले, आणि दुसऱ्या दिवशीही पातळी टिकली, म्हणजेच ती भरली. एवढा नियम पाळला तर हंगामाच्या दिवशी गाडी घाट चढून जाईल व माल वेळेवर बाजारात पोचेल.